निळ्या ड्रममधली पानफुटी

एका दिवाळीत कंपनीने मिठाईच्या पुड्याऐवजी प्रत्येकाच्या हातावर एकेक कुंडी ठेवली. चहाच्या पेल्याएवढी, पांढरी, वर बारीक खड्यांचा थर आणि मधोमध गुलाबासारखं दिसणारं राखाडी-हिरवं रोप. सोबतच्या कार्डावर ‘सक्युलंट’ एवढंच नाव आणि ‘आठवड्यातून एकदा पाणी’ एवढीच सूचना. काजूकतलीची वाट बघणाऱ्यांनी नाकं मुरडली. पण कुंडी देखणी होती, त्यामुळे ती कुणाच्या टेबलावर गेली, कुणाच्या देवघराशेजारी. जुलै संपेपर्यंत आमच्या विभागातली एकही कुंडी उरली नाही. आधी खालची पानं पिवळट, पाणचट झाली, मग बोट लागलं तरी गळायला लागली, आणि शेवटी मधला कोंबच शेंबडासारखा हातात आला. आठवड्यातून एकदा सोडाच, जूनपासून आम्ही थेंबभर पाणी घातलं नव्हतं. महाडच्या हवेतच ते होतं.

त्याच जुलैत आमच्या गेटवरचा अर्धा कापलेला निळा ड्रम मात्र हिरवागार होता. औद्योगिक वसाहतीत दिवस काढलेल्या माणसाला निळा ड्रम समजावून सांगायला नको. रसायन घेऊन येतो, रिकामा झाला की कुणी त्यात पाणी भरतं, कुणी बुडाला भोकं पाडून बाग करतं. (असं करू नये, हे सांगणारं सेफ्टीचं पोस्टर त्याच गेटवर लावलेलं आहे.) सिक्युरिटी केबिनवरचे मामा मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाचे. त्यांच्या ड्रममध्ये एक पानफुटी, एक कोरफड आणि काठावरून खाली लोंबणारा चिनी गुलाब, ज्याला पुण्याकडे ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. आठ-आठ दिवस सूर्य नाही, ड्रमच्या भोकांतून अखंड गळती चालू, आणि पानफुटीची पानं पापडाच्या लाटीसारखी जाड ती जाडच.

मी हळहळत मेलेली कुंडी कचऱ्यात टाकायला निघालो तेव्हा मामांनी अडवलं. म्हणाले, “साहेब, ते मेलं ते सोडा. मला निराळंच कळत नाही. ही पाणी साठवणारी झाडं वाळवंटातली ना? मग आमच्या डोंगरात ती काय करतात? आमच्याकडे पावसाला काय तोटा आहे?”

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत बुरेट आणि पिपेट हातात धरून काढली आहेत. पण प्रश्न बिनतोड होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. पुढचं सगळं त्या प्रश्नामागे वर्षभर हिंडताना हाती लागलेलं आहे.

पावसाला तोटा नाही हे खरंच. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सावित्री जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत तळिये गावावर दरड कोसळली, महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या आठवड्याबद्दल इथल्या माणसाला काही सांगायची गरज नाही. पण याच दोन तालुक्यांत एप्रिल-मे उजाडला की वाड्यावाड्यांवर टँकर चढायला लागतात, हेही इथल्या माणसाला ठाऊक आहे. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरच्या आत पडून जातो. खाली काळा बसाल्ट, वर कुठे वीतभर, कुठे बोटभर माती. पडलेलं पाणी कातळावरून घरंगळतं, ओढ्याला लागतं, सावित्रीला मिळतं आणि बाणकोटच्या खाडीत जातं. डिसेंबरात आंबेनळी घाटाच्या एखाद्या उघड्या कड्यावर भर दुपारी तळहात टेकवून बघा. तवा आहे तो. त्या कड्याच्या फटीत मूळ रोवलेल्या झाडाला आभाळातून किती पडलं याच्याशी देणंघेणं नाही, फटीत किती उरलं याच्याशी आहे. त्याच्यापुरतं ते आठ महिने वाळवंटच. फरक इतकाच की हे वाळवंट उरलेले चार महिने धबधब्याखाली असतं.

आमच्या भेटीच्या कुंडीतलं रोप मेक्सिकोच्या डोंगरातल्या कुळातलं होतं. त्याला कोरडं सोसायची सवय होती, कुजवणारा पावसाळा सोसायची नव्हती. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कचऱ्याच्या डब्यातच पडलं होतं. उरलेलं अर्धं पानाच्या आत शोधायला हवं होतं.

*

पान जाड कसं होतं, हे समजायला आधी ते चपटं का असतं हे बघावं लागतं.

कुठल्याही फांदीच्या अगदी टोकाला, कोवळ्या पानांच्या घट्ट मिठीत, टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा विभाजी ऊतींचा उंचवटा असतो. तिथल्या पेशी सतत विभागत राहतात. त्या उंचवट्याच्या कडेला ऑक्झिन नावाचं संप्रेरक एखाद्या ठिकाणी साचतं आणि तिथे फुगवटा येतो. तेच उद्याचं पान. फुगवटा येताना तिथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. टोकाच्या पेशींना ‘विभागत राहा, काहीही बना’ असं सांगणारी जी जनुकं चालू असतात, ती या जागी बंद होतात. थोडक्यात, वाढत राहायचा परवाना काढून घेतलेला फांदीचा तुकडा म्हणजे पान. हा परवान्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पानफुटीपाशी तो परत येणार आहे.

फुगवटा सुरुवातीला गोलच असतो. मग तो पसरट का होतो? १९५१ साली इयन ससेक्स नावाच्या तरुण संशोधकाने बटाट्याच्या कोंबावर सुईच्या अग्राएवढी शस्त्रक्रिया केली. टोकाचा उंचवटा आणि नुकतं उगवू पाहणारं पान यांच्यामध्ये त्याने काप दिला. ते पान वाढलं, पण पात्यासारखं नव्हे, काडीसारखं गोल. टोकाकडून काहीतरी निरोप येतो आणि त्यामुळे पानाची टोकाकडची बाजू ‘पोट’ ठरते, उलटी बाजू ‘पाठ’, असा त्याचा अर्थ लागला. १९९५ मध्ये वेट्स आणि हडसन या दोघांनी स्नॅपड्रॅगनच्या झाडात असं एक जनुक दाखवलं की ते बिघडलं तर पानाला पोट मिळत नाही, सगळीकडून पाठच होते आणि पान सुईसारखं निघतं. आज चित्र बरंच स्पष्ट आहे. जनुकांचा एक गट पोटाची बाजू सांभाळतो, दुसरा पाठीची. दोघं एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत, आणि जिथे या दोन हद्दी भिडतात त्या रेषेवरून पातं बाहेर पसरतं. बांधावरून दोन भाऊ भांडत राहावेत आणि त्या भांडणातून शेत रुंदावत जावं, असा काहीसा प्रकार आहे. आमच्या तालुक्यात उलटं होतं, भांडणात शेत अरुंद होत जातं.

आता मामांच्या ड्रमवरचा चिनी गुलाब बघा. त्याचं पान काडीसारखं गोल, टोकाला जरा निमुळतं. ब्लेडने आडवं कापून भिंगाखाली धरलं तर कडेने हिरवं कडं आणि मध्ये काचेसारखा स्वच्छ, पाणीदार गाभा दिसतो. टाकीच आहे ती. आमच्या टँक फार्मवर काम केलेल्या कुणालाही हा आकार ओळखू येईल. जास्तीत जास्त माल साठवायचा आणि उन्हाला कमीत कमी पत्रा दाखवायचा असेल तर टाकी गोल करावी लागते. चपट्या पानाला ऊन हवं असतं म्हणून ते पसरतं. पाणी राखणाऱ्या पानाला अंग चोरावं लागतं.

पण गोल टाकीत एक अडचण असते, पाइपलाइनची. चपट्या पानातल्या शिरा एकाच पातळीत जाळीसारख्या पसरलेल्या असतात. पान उजेडाकडे धरा, सगळी जाळी दिसते. पान जाड होत गेलं की आतल्या पेशी त्या जाळीपासून लांब पडतात आणि पाणी पेशीतून पेशीत झिरपत जायला वेळ लागतो. म्हणजे एका मर्यादेपलीकडे जाड होणं परवडत नाही. यावरचा तोडगा २०१३ मध्ये ओगबर्न आणि एडवर्ड्स यांनी चिनी गुलाब, घोळ आणि निवडुंगाच्या गोतावळ्यात तपासला. या गोतावळ्यात शिरांनी एक पातळी सोडून वरखाली सगळीकडे फाटे काढण्याची युक्ती एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे साधली आहे, आणि जिथे ती साधली तिथे पान मनसोक्त जाड होऊ शकलं. एकमजली पाइप रॅकच्या जागी तीन मजली रॅक उभा केला, एवढाच हिशेब. चिनी गुलाबाच्या पानात शिरांचं कडं हिरव्या भागात आहे आणि मधला गाभा नुसत्या साठ्याचा. मंडईतल्या घोळाच्या जुडीकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघतो.

आणि जाडी येते ती पेशींची संख्या फार वाढून नव्हे, पेशी फुगून. कोवळ्या पानात पेशी झटपट विभागून घेतात. मग प्रत्येक पेशीतली रिक्तिका, म्हणजे पाण्याची थैली, वाढत जाते. पूर्ण वाढलेल्या रसाळ पानात नव्वद टक्क्यांहून जास्त जागा ही थैलीच खाते आणि पेशीतला बाकी सगळा संसार भिंतीला चिकटून उभा असतो. गणपतीला चाळीतल्या एका खोलीत अठरा पाहुणे उतरले की घरचे जसे भिंतीला लागून बसतात, तसा.

*

पानफुटीची थैली नुसत्या पाण्याची नाही, हे कळायला मला पहाटे उठावं लागलं.

गोष्ट जुनी आहे. मद्रास इलाख्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पती-अभ्यासकाने पानफुटीबद्दल एक पत्र लिहिलं. ते १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याच्या लक्षात आलं होतं की भारतात बागेबागेत असलेल्या या झाडाचं पान सकाळी चघळलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू. उपकरण काही नाही, जीभ एवढंच. त्या जिभेने त्याने जे पकडलं त्याचा पूर्ण उलगडा व्हायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली.

मी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, ते करून पाहिलं. नाइट शिफ्ट सुटायच्या आधी सहाच्या सुमाराला मामांच्या ड्रममधून दोन पानं घेतली, खलात वाटली, पाणी घालून गाळली आणि पीएच पेपरची पट्टी बुडवली. नारिंगी. त्याच झाडाची दोन पानं दुपारी चारला घेतली, तेवढंच वजन, तेवढंच पाणी. पट्टी पिवळ्यावर थांबली. मग राहवलं नाही म्हणून दोन्ही रस कॉस्टिकवर टायट्रेट केले. दुपारच्या रसात लवकरच गुलाबी रंग आला, सकाळच्या रसात बुरेट उतरत राहिली, उतरत राहिली. बावीस वर्षांत हजारो नमुने केले असतील, पण रंग पलटायची एवढी उत्सुकतेने वाट बघितल्याचं आठवत नाही. चवही घेतली, जिभेच्या टोकापुरती. आंबटचुक्याची आठवण झाली.

मामांना मी ते वसाहतीच्या भाषेत सांगितलं. आंबा, फणस, साग, सगळी झाडं जनरल शिफ्टवाली. दिवसा पानावरची पर्णरंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, उन्हात त्याचं अन्न करतात. पण दार उघडं ठेवलं की आतलं पाणी वाफ होऊन जातं, आणि भर उन्हात सगळ्यात जास्त जातं. पानफुटी माल उतरवते नाइट शिफ्टला. रात्री गारव्यात रंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याचं मॅलिक आम्ल करून रिक्तिकेत भरून ठेवते. उजाडलं की शटर खाली. दिवसभर बंद दाराआड ते आम्ल मोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड वापरायचा. म्हणून पहाटे आंबट, दुपारी बेचव. मामा म्हणाले, “म्हणजे रात्रपाळीवाल्याचं तोंड सकाळी आंबट असतं तसंच की.”

यामुळेच पान जाड असावं लागतं. रात्रभराचं आम्ल ठेवायला गोदाम मोठं हवं, म्हणून पेशी मोठ्या आणि एकमेकींना घट्ट लागलेल्या. पानाचं रूप एका गरजेतून येत नाही. पाणी, आम्ल, ऊन आणि नळ्यांची लांबी या चारांची ओढाताण चालू असते.

जाता जाता एक सांगायला हवं. मुतखड्यावर पानफुटीचं पान रोज सकाळी खायचा सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो. या कुळातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ऑस्ट्रेलियात त्यांनी गुरं दगावली आहेत. मी जीभ लावली, तुम्ही पानं खाऊ नका. मुतखड्याला डॉक्टर आहेत.

*

आता तो परवाना. पानफुटीचं पान लहान रोपावर साधं असतं, झाड मोठं झालं की एकाच देठावर तीन किंवा पाच पर्णिका येतात. पानांच्या जोड्या खोडावर एकमेकींना काटकोनात बसतात. वरून बघितलं की अधिकचं चिन्ह दिसतं. कडेला गोलसर दाते, आणि प्रत्येक दोन दात्यांमधल्या खाचेत, भिंगाखाली नीट बघितलं तर, जांभळट ठिपक्याएवढं काहीतरी असतं. पान तोडून टेबलावर टाकून द्या. माती नको, पाणी नको. आठ-दहा दिवसांत त्या खाचेतून केसासारखी पांढरी मुळं डोकावतात, मग मुगाच्या डाळीएवढी दोन पानं, मग आणखी दोन. माझ्या लॉगबुकात एक पान महिनाभर दाबून राहिलं होतं. काढलं तेव्हा कडेने सात रोपं, आणि कागदावर हिरवा डाग.

म्हणजे पान झालं तेव्हा ‘वाढत राहा’ ही आज्ञा सगळीकडे बंद झाली, पण खाचांमध्ये तिचा ठिणगीएवढा अंश राखून ठेवला गेला. २००७ साली हेलेना गार्सेस आणि नीलिमा सिन्हा यांच्या गटाने, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेतून, हे जनुकांच्या पातळीवर दाखवलं. एरवी फांदीच्या टोकालाच चालू असणारं जनुक या झाडांच्या पानकडेला पुन्हा जागं होतं. ते दाबून टाकलं की रोपं येत नाहीत. या कुळातल्या काही जातींत रोपं पान झाडावर असतानाच ढीगभर येतात आणि त्यांच्यात बी बनवण्याशी संबंधित यंत्रणाही पानात कामाला लागलेली आढळली. आपली पानफुटी त्यातली संयमी. पान तुटेपर्यंत थांबते.

पान तुटलं हे तिला कळतं कसं? याच्या मागे जाक लोब या जर्मन-अमेरिकन शास्त्रज्ञाने आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घालवली. १९२४ साली त्याचं पुस्तक आलं, त्याच वर्षी तो गेला. तो पानांचे तुकडे करायचा, वजन करायचा, उगवलेली रोपं वाळवून त्यांचं वजन करायचा. निष्कर्ष आमच्या धंद्यातल्या माणसाला शोभेल असा होता: रोपांचं वजन पानाच्या वजनाच्या प्रमाणात असतं. जेवढी शिदोरी, तेवढी पोरं. पान झाडावर असेपर्यंत त्याची शिदोरी खोडाकडे जात राहते आणि खाचा उपाशी, गप्प राहतात. तोडलं की शिदोरी तिथल्या तिथे उरते.

कवी गटेलाही या पानाचं वेड होतं. पान हा झाडाचा मूळ घटक आणि बाकी सगळे अवयव त्याची रूपांतरं, असं १७९० सालीच लिहून बसलेल्या माणसाला, पानावरच आख्खं झाड उगवताना बघून काय वाटलं असेल? तो मित्रमैत्रिणींना पानफुटीची पानं भेट पाठवायचा.

*

पण पानफुटी मूळची मादागास्करची, कोरफड अरबस्तानाकडची, चिनी गुलाब दक्षिण अमेरिकेचा. ड्रममधलं कुणीच आपलं नाही. मामांनी विचारलं होतं ते त्यांच्या डोंगराबद्दल.

त्यांच्या गावाकडच्या वाटेवर जुनी वई अजून काही ठिकाणी टिकून आहे. गडग्याला लागून ओळीने निवडुंग. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकाला जाड, चमच्यासारख्या पानांचे झुबके असतात. मार्गशीर्ष-पौषात ती गळतात आणि उरतं ते पाच कडांचं हिरवं, मांसल खोड, ज्यावर काट्यांच्या जोड्या. पान टाकून देऊन साठा खोडात नेण्याची ही तऱ्हा. हे काटे म्हणजे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचं रूप आहे. फड्या निवडुंगाचा काटा निराळा, तो आख्ख्या पानाच्या जागी आलेला. फड्याचा हिरवा फडा हे पान नव्हेच, ते खोड. त्याची खरी पानं तांदळाच्या कणीएवढी असतात आणि नव्या फड्यावर थोडे दिवस राहून गळून जातात. एक अमेरिकेतून आलेला, एक इथला, कुळं पूर्ण वेगळी, आणि तरी शेजारी उभे केले तर चुलतभाऊ वाटावेत. चीक तेवढा इथल्यालाच आहे, आणि तो डोळ्यांत जाऊ देऊ नये हे गावातल्या पोराला शिकवावं लागत नाही.

मात्र मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर सह्याद्रीच्या कड्यांवर आहे आणि ते महाराष्ट्राबाहेर कुठेही नाही. नाव जरा वाह्यात आहे: शिंदळ माकुडी. एन. ए. डालझेल या मुंबई इलाख्याच्या वनाधिकाऱ्याने १८६० च्या दशकात जुन्नरच्या बाजूला मिळालेल्या या वनस्पतीचं वर्णन केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ती नोंदली गेली. जगातल्या अतिशय धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत एकेकाळी तिचा समावेश होता.

तिची भावकी म्हणजे माकडशिंगी. देशावरच्या गुराख्यांनी खाल्लेली, बोटभर, चौकोनी, बिनपानाची. भिंगाने बघितलं तरच पानाच्या जागी एक खवला दिसतो. या सगळ्या भावकीत शिंदळ माकुडीच अशी की जिला खरीखुरी, रुंद, हिरवी पानं येतात. मी ती एका गडाच्या कड्यावर ऑक्टोबरात बघितली. कुठल्या गडाच्या कुठल्या अंगाला ते मुद्दाम लिहीत नाही. तळहाताच्या अंतरावर होती. करंगळीएवढं गुळगुळीत मांसल खोड कातळाला लगटून खाली लोंबलेलं, त्यावर बोटभर लांबीची पानं, आणि पानांच्या आड पाच पाकळ्यांची मखमली, गडद लाल चांदणी, तिच्यावर पिवळे डाग. एक माशी त्या चांदणीवर भिरभिरत होती. हीच जागा मी मार्चमध्ये पुन्हा गाठली. पानं नव्हती. सुरकुतलेली हिरवी दोरी कड्याला चिकटून होती. जुनी माहिती नसती तर मेली म्हणून परतलो असतो.

आता गंमत बघा. १९७७ साली लांगे आणि झूबर या जर्मन संशोधकांनी या झाडाचा श्वास मोजला. पानं दिवसपाळी करतात, आंब्या-फणसासारखी. खोड रात्रपाळी करतं, पानफुटीसारखं. पावसाळ्यात पाण्याची चंगळ असते तेव्हा पान उन्हात दार उघडं टाकून भराभर कमाई करतं, आणि कातळ तापायला लागला की झाड पान झटकून देतं व खोडावर आठ महिने काढतं. चार महिने धबधबा, आठ महिने तवा, आणि दोन्हींसाठी वेगळी पाळी, वेगळं यंत्र, एकाच झाडात.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, हे तर आमच्या वाडीसारखंच झालं. पावसात भात लावायचा, आणि दिवाळी झाली की मुंबई नाहीतर एमआयडीसी गाठायची.” मी आठ महिने वाचून जिथे पोचलो, तिथे ते एका चहात पोचले.

शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांच्यासारख्यांनी सह्याद्रीतली कंदीलपुष्पं आणि तत्सम दुर्मीळ झाडं वाढवण्याचं मोठं काम केलं आहे. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या बागेतही अशी झाडं राखली जातात. तिथे जाऊन बघता येतात. दिवाळीनंतर गडांवर जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: कड्यावर लाल चांदणी दिसली तर फोटो काढा, फांदी काढू नका, आणि फोटोबरोबर ठिकाण टाकू नका.

पानफुटीचं मात्र तसं नाही, ती हवी तेवढी न्या. लॉगबुकातल्या त्या पानाची सात रोपं मी साध्या पाकिटात घालून सात मित्रांना टपालाने पाठवली. नागपूरचं पाकीट पोचायला अकरा दिवस लागले. सातही जगली.